ट्रेम्बाथचं आपोआप उघडणारं फाटक

बुरांगीच्या वरच्या रस्त्यावर आता एकही फाटक उरलेलं नाही. मोटारी आल्या, तशी फाटकं काढून त्यांच्या जागी जमिनीत लोखंडी रूळ आडवे पुरले. त्यांवरून मोटार खडखडत निघून जाते आणि मेंढी पाय टाकायला धजत नाही. सोय झाली म्हणतात. झालीच. पण नाचाहून पोरीला घरी सोडताना ज्या पोराची गाडी कधी फाटकाशी थांबलीच नाही, त्याला संसार म्हणजे काय ते काय डोंबल कळणार?

अर्धं आयुष्य मी बुरांगी स्टेशनवरून वरच्या शेतांवर टपाल वाहिलं. वाटेत सात फाटकं. आमच्याकडचा रिवाज असा, की लगाम ज्याच्या हातात तो बसून राहतो. शेजारी बसलेला खाली उतरतो, फाटक उघडतो, गाडी पलीकडे गेली की लावतो आणि मग चढतो. शेजारी पाद्री असो की नवी नवरी, सूट कुणाला नाही. लावायला विसरलात तर मेंढ्या थेट गव्हात, आणि त्या घराशी तुमच्या नातवंडांचंसुद्धा बोलणं बंद. माझ्या शेजारी असायची टपालाची थैली, आणि थैली काही उतरत नाही. त्यामुळे त्या फाटकांना सगळ्यात जास्त शिव्या मीच दिल्या असतील. एकही शिवी न देता ती उघडली मात्र व्हिनी ट्रेम्बाथने.

व्हिनी, म्हणजे लव्हिनिया, ही होझिया ट्रेम्बाथची बायको. होझियाचा बाप इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून इथे ऑस्ट्रेलियात सोनं खणायला आलेला. सोनं नाही मिळालं, गव्हाची जमीन मिळाली. होझिया अंगाने ‘रेड गम’च्या आडमाप झाडासारखा, दारूला न शिवणारा कडवा मेथडिस्ट, आणि बोलण्यात असा काटकसरी, की लग्नाची मागणीसुद्धा त्याने पावसापाण्याच्या गप्पांत मधेच घुसवली, असं माझी बहीण सांगायची. व्हिनीने म्हणे आधी ‘हो, ढग आलेत खरे’ म्हटलं आणि मग तिला उमगलं. दर रविवारी दोघं टमटममधून चर्चला निघायची. होझियाच्या हातात लगाम. व्हिनी उतरणार, फाटक उघडणार, लावणार, चढणार. उन्हाळ्यात माश्या, जुलैत घोट्याएवढा चिखल. वर्षांमागून वर्षं.

मग तिचे गुडघे कुरकुरायला लागले. एका रविवारी मी त्यांच्या मागेच होतो. व्हिनी खाली उतरली आणि पुढे जायच्या आधी चाकाला धरून जराशी उभी राहिली. होझियाने ते पाहिलं. काही बोलला असेल, तर तो होझिया नव्हे. पण सोमवारपासून त्याच्या शेडमधल्या भट्टीचा भाता जो सुरू झाला, तो हिवाळाभर थांबला नाही. तो दारूची भट्टी लावतोय, अशी बातमी मी सगळ्या घरांत पोचवली. मेथडिस्टाबद्दल ही बातमी फार आवडीने ऐकली गेली.

लोकर कातरणीच्या सुमारास त्याने आपल्या कुंपणातलं जुनं फाटक काढलं आणि नवं टांगलं. फाटकाच्या अलीकडे, चाकोरीतच, एक लोखंडी पट्टी. गाडीचं चाक पट्टीवर चढलं की खालची साखळी ओढली जायची, खिट्टी उचलायची आणि फाटक आपल्याच वजनाने पलीकडे झुलायचं. पलीकडे तशीच दुसरी पट्टी. तिच्यावरून चाक गेलं की फाटक परत येऊन खट्‌कन बसायचं. तुम्ही आपले बसलेले. माझी म्हातारी घोडी पहिल्या दिवशी थबकली, आणि आठवडाभरात इतकी लाडावली की बाकीच्या सहा फाटकांपुढेही ती आपोआप उघडायची वाट पाहत उभी राहू लागली.

लोक मैलभर वळसा घालून त्या फाटकातून जायला यायचे. ओढ्यापलीकडची मिसेस डूलन, सात पोरांची आई आणि जिभेला हाड नसलेली आयरिश बाई, गाडीतून तीनदा इकडून तिकडे गेली आणि म्हणाली, “होझिया, आता सकाळी नवऱ्याला बिछान्यातून काढायची एक पट्टी बसवून दे बाबा. चाक मी आणते.”

व्हिनीची घोडी तेवढी त्या पट्टीला बुजायची. निदान व्हिनी तसं सांगायची. म्हणून ती आपली पूर्वीसारखी उतरून हाताने फाटक उघडायची आणि होझिया पट्टीच्या बाजूने गाडी काढायचा. घोडी मूर्ख आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं. वास्तविक ती घोडी स्टेशनात इंजिनाच्या शेजारी उभी राहून डुलक्या काढणारी. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि माझ्या डोक्यात दुसऱ्यांच्या घरचं बरंच काही येत असतं.

याचं पेटंट घे, असं मास्तरांपासून दारूवाल्यापर्यंत सगळ्यांनी होझियाला सांगितलं. त्या काळी आमच्याकडे पेटंटाचं खूळच होतं. बटाटे काढायचं पेटंट, ससे धरायचं पेटंट. एकाने तर झोपल्या झोपल्या माश्या वारायचा पंखा काढला होता, पायाने हलवायचा. होझिया म्हणाला, “एक सुगी जाऊ दे. ज्याला नाव द्यायचं ते आधी टिकायला हवं.” इथेच त्याचं चुकलं. पण ही चूक आमच्याकडे कुणीही केली असती. न वापरलेल्या वस्तूवर शेतकरी आपलं नाव घालत नाही, आणि वाटेवरचं फाटक शेजाऱ्याला बंद ठेवत नाही.

सुगीभर गव्हाच्या गाड्या त्यातून गेल्या. फाटक टिकलं. मग फेब्रुवारीत होझियाने चित्रं काढून मेलबर्नला अर्ज धाडला. त्यात फाटकाचं नाव लिहिलं, ‘लव्हिनिया’. उभ्या आयुष्यात त्या माणसाने एकच प्रेमपत्र लिहिलं आणि तेही पेटंट कचेरीला.

अर्ज पुढे सरकला, छापून आला, आणि बॅलारटच्या एका कारखानदाराने हरकत घेतली. त्यालाही असलीच फाटकं बनवून विकायची होती. त्याचं म्हणणं, हे फाटक अर्जाच्या आधीच चारचौघांच्या वापरात होतं. कायदा तसाच होता. अर्जाआधी लोकांनी वापरलं, की वस्तू नवी राहत नाही, आणि नवी नाही तर पेटंट नाही. होझियाचा चेहरा सुकला. पैशाचं त्याला फारसं नव्हतं. सरकारी शिक्क्याच्या कागदावर बायकोचं नाव यावं, एवढंच त्या गड्याच्या मनात होतं.

पुरावा गोळा करायला पुढच्या वर्षी जुलैत बॅलारटहून त्या कारखानदाराच्या वतीने मिस्टर क्रम्प आले. गोल टोपी, पातळ तळव्यांचे बूट, चांगल्या स्वभावाचा बिचारा माणूस. बुरांगीत भाड्याची गाडी एकच, टपालाची. म्हणजे क्रम्पसाहेब माझ्या शेजारी, आणि लगाम माझ्या हातात.

पहिल्या फाटकाशी मी थांबलो आणि आभाळाकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळाने त्यांना समजलं. उतरले. आता कुलपासारखी कडी त्यांना उघडेना, आणि चिखल बुटांत शिरला. चढता चढता त्यांनी मला विचारलं, तुम्ही या वाटेने नेहमी जाता, गेल्या वर्षी फेब्रुवारीआधी ते फाटक चालू होतं का? मी म्हणालो, “साहेब, मी सरकारी टपाल नेतो. वाटेत काय दिसलं ते सांगायची आम्हाला बंदी आहे.”

आता गंमत पाहा. या बुरांगीत कुणाच्या चुलीवर काय शिजलं ते दुपारपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक. पण त्या दिवशी गावाने तोंडाला टाके घातले. खोटं तर बोलायचं नाही, बायबलाची भीती. मिसेस डूलनने साहेबांना चहा पाजला, गरम स्कोन खायला घातले आणि आपल्या सातही बाळंतपणांची साद्यंत हकीकत सांगितली. फाटकाचं विचारलं की पुढचं बाळंतपण सुरू. ओटो नोस्के हा जर्मन गृहस्थ बुरांगीत जन्मलेला, एरवी आमच्याच इंग्रजीत अघळपघळ भांडणारा. त्या दिवशी त्याला जर्मनखेरीज एक शब्द येईना. साहेबांची वही कोरी आणि बूट भरलेले.

सातवं फाटक ट्रेम्बाथचं. तोवर साहेबांना इतकी सवय लागली होती, की गाडी हळू होताच ते निमूट उतरले. मी काही बोललो नाही. ते फाटकाकडे हात करतात तोच माझं चाक पट्टीवर चढलं आणि फाटक त्यांच्या नाकासमोरून अदबीने बाजूला झालं. साहेब तिथेच चिखलात उभे राहिले. “सुंदर आहे हो,” म्हणाले. मनापासून म्हणाले.

स्वयंपाकघरात होझिया, व्हिनी, साहेब आणि मी. मला कुणी बस म्हटलं नव्हतं, पण जा असंही म्हटलं नव्हतं. साहेबांनी वही काढली आणि थेट व्हिनीला विचारलं, “मिसेस ट्रेम्बाथ, अर्जाआधी तुम्ही गाडीत बसून या फाटकातून किती वेळा गेलात?”

“एकदाही नाही.”

“घोडी बुजते,” होझिया म्हणाला.

व्हिनीने किटली खाली ठेवली. “घोडी बुजत नाही, होझिया.”

होझिया तिच्याकडे बघतच राहिला. साहेबांची पेन्सिल थांबली. “मग तुम्ही उतरता कशाला?”

व्हिनी टेबलावरच्या कापडाची घडी घालत राहिली, मोडत राहिली. मग म्हणाली, “लग्नाआधी हा मला चर्चवरून सोडायला यायचा. मी उतरून फाटक धरायचे. गाडी पलीकडे गेली की हा मला मानाने हॅट काढायचा. नुसतं बोट लावून नाही, पूर्ण डोक्यावरून काढून. लग्न झाल्यावरही कधी चुकला नाही. गव्हाला तांबेरा पडला त्या वर्षी नाही, आमचं धाकटं गेलं त्या वर्षीही नाही. घरात या माणसाच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघतात, पण दर फाटकाला मला एक हॅट मिळते. बसून गेले तर हा कुणाला काढणार?”

चुलीत लाकूड तेवढं तडकलं.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. चांगल्या स्वभावाचे होते म्हटलं ना, त्यांना सांगायलाही जड जात होतं. म्हणाले, हे तर तुमच्या बाजूचं झालं. घरच्यांनीच वापरलं नाही, म्हणजे फाटक नुसतं चाचणीला टांगलं होतं, असं तुम्हाला म्हणता येईल. “पण हे मेलबर्नला येऊन शपथेवर सांगावं लागेल, बाई. आमचे वकील उलटतपासणी घेतील. हॅटचं खरं का, किती वेळा, कशावरून. लेखनिक शब्दन्‌शब्द उतरवून घेतो.”

व्हिनीचा चेहरा पांढरा पडला. पण म्हणाली, “सांगेन.”

“नाही सांगणार,” होझिया म्हणाला. तो साहेबांकडे वळला. “लिहा. फाटक मी कातरणीत टांगलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यातनं जातात. डूलन, नोस्के, पाद्री. हा बसलाय तो टपालवाला रोज दोनदा. सुगीचा सगळा गहू त्यातनं गेला. चाचणी नव्हती, वापर होता. सही कुठे करू?”

“होझिया, तुझं पेटंट,” व्हिनी म्हणाली.

“राहू दे.”

त्याने सही केली. पुढच्या पंधरवड्याचे शब्द त्याने त्या एका बैठकीत उधळले. साहेबांनी वही मिटली. त्यांनी लिहून घेतलं ते होझियाने सांगितलेलं. हॅटबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं, मी डोकावून पाहिलं होतं. परत येताना सहाही फाटकं त्यांनी न बोलता उघडली आणि नीट लावली. शेवटच्या फाटकाशी ते चिखलात फाटक धरून उभे होते आणि माझाच हात आपसूक हॅटकडे गेला.

पेटंट बुडालं. गावाला संताप आला. मिसेस डूलन म्हणाली, याच्यासाठी मी एका परक्या पुरुषाला माझी सात बाळंतपणं सांगितली आणि या शहाण्याने एका सहीत सगळं घालवलं. होझिया भित्रा निघाला इथपासून तो बॅलारटवाल्याला फितूर झाला इथपर्यंत सगळं बोलून झालं. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितलं नाही. मी. आजवर एवढीच एक बातमी माझ्या पोटात राहिली. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगतोय. कारखानदाराने तसली फाटकं पांढऱ्या रंगात पुष्कळ विकली. आमच्याकडे मात्र त्यांना कुणी त्याच्या नावाने ओळखलं नाही. ‘ट्रेम्बाथ बसवलं का?’ असंच विचारायचे.

त्यानंतर होझियाची टमटम पट्टीच्या अलीकडे थांबायला लागली. घोडीचं निमित्त संपलं होतं. व्हिनी उतरायची, फाटक धरायची, होझिया पलीकडे जायचा आणि हॅट काढायचा. मी मागे माझी टपालाची बग्गी घेऊन उभा. पुढे तिच्या गुडघ्यांनी साफच जबाब दिला. मग लगाम तिच्या हाती आला आणि होझिया उतरून, स्वतः बनवलेलं ते आपोआप उघडणारं फाटक, हाताने उघडू लागला. गाडी पलीकडे गेली की व्हिनी थांबायची, हनुवटीखालची बॉनेटची नाडी सोडायची, आणि ते बॉनेट पूर्ण डोक्यावरून काढायची. साठीची मेथडिस्ट बाई, भर रस्त्यात, उघड्या डोक्याने. मग नाडी पुन्हा बांधायची. त्यात घाई नसायची.

वरच्या शेतांवर टपाल उशिरा पोचतं, अशी माझ्याविरुद्ध तक्रार गेली. पोस्टाने खुलासा मागवला. मी लिहून कळवलं, एक फाटक नीट उघडत नाही.