दुसऱ्याच्या मेंढ्याचा फोटो

सकाळचा चहा हातात घेतला तोवर मी मेंढ्याची मारेकरी ठरले होते. मेंढपाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जतकडच्या मायाप्पानं लिहिलं होतं, "मॅडमच्या औषधानं माझा मेंढा गेला." खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली. खटावच्या एकानं लिहिलं, सरकारी डॉक्टर असलेच. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून रिटायर होऊन आता सांगलीत विश्रामबागला राहते आणि या ग्रुपवर फुकट उत्तरं देते. औषध कोणतं दिलं होतं, हे एकाही बहाद्दरानं विचारलं नव्हतं.

औषध होतं लाल पाणी, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचं, आणि ग्लिसरीन. लाल पाण्यानं ओठ धुवायचे, वरून ग्लिसरीन लावायचं. त्यानं मेंढा मरत असेल तर माझी डिग्री चुलीत घाला.

झालं होतं असं. मायाप्पानं आदल्या आठवड्यात फोटो टाकला होता. माडग्याळी जातीचा मेंढा, बाकदार नाकाचा, ओठांवर कोरड्या खपल्या. खाली एकच ओळ, "तोंडाला झालंय, औषध सांगा." ग्रुपचा नियम आहे की ताप, चारा-पाणी, लेंडी, सगळं सांगून मगच विचारायचं. मी ताप विचारला, लेंडी पातळ आहे का तेही विचारलं. उत्तर आलं, "फोटुत दिसतंय की." फोटोत दिसत होता तो मावा नावाचा रोग. माव्यात ओठांवर फोड येतात, खपल्या धरतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत जनावर बरं होतं. तसं मी लिहिलं. ताप असेल तर लगेच दवाखान्यात न्या, हेही लिहिलं. त्या ओळीवर मायाप्पानं नुसता अंगठा ठेवला.

आता श्रद्धांजली वाचत बसण्यात अर्थ नव्हता. गाडी काढली आणि थेट जत गाठलं.

मायाप्पाचा तळ माळावर होता. त्याची बायको सुगलाबाई जाळीच्या कुंपणाशी उभी होती. मी आत गेले आणि वाकून मेंढ्या तपासल्या. दोन मेंढ्यांच्या नाकांतून घट्ट शेंबूड वाहत होता, शेपट्या पातळ लेंडीनं भरल्या होत्या, तोंडाला घाण वास येत होता. अंग हाताला भाजत होतं. हा मावा नव्हता. ही पीपीआरची, शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची लक्षणं होती. हा रोग एका जनावराच्या श्वासातून दुसऱ्याला लागतो. विषाणूवर औषध नाही, आधी टोचलेली लस तेवढी वाचवते. कळप ज्या पाण्यावर जातो, तिथं येणारा दुसरा कळपही यात सापडतो.

मेलेल्या मेंढ्याला असाच ताप होता का, मी विचारलं. होता. हागवण? तीही होती. मग फोटोत नुसत्या खपल्या कशा, म्हणून मी मोबाईल मागितला. मायाप्पा पागोटं सारखं करत राहिला. शेवटी सुगलाबाईच बोलली.

"आवं मॅडम, त्यो फोटु आमच्या मेंढ्याचा न्हवंच. असला देखणा मेंढा ग्रुपवर कोण टाकतंय? एवढ्या माणसांची नजर लागती. ग्रुपवरचाच जुना फोटु उचलून टाकला ह्यांनी. समदीच तसं करत्यात."

समदीच तसं करत्यात! म्हणजे इतकी वर्षं चष्मा पुसून, फोटो मोठे करकरून मी उपचार सांगत होते ते कुणाच्या तरी तिसऱ्याच मेंढ्यावर. राग इतका आला की मी खाली दगडावर बसले. नजर लागते यावर मला वाद घालायचा नव्हता. पण मेंढ्याला नजरेपासून वाचवायला खोटा फोटो चालतो, आणि तो मेल्यावर माझं नाव मात्र खरं घालता येतं?

माझ्या नावाचंही सोडा. मायाप्पाचा कळप नुकताच फलटणकडून आला होता. ऊस तुटलेल्या रानात तिथं आणखी तीन कळप बसले होते, सगळे एकाच पाण्यावर. ते तिन्ही मालक ग्रुपवर होते. मेंढा मॅडमच्या औषधानं मेला असं त्यांनी वाचलं होतं. मग ते रोगाचा संशय कशाला घेतील?

मी मायाप्पाला म्हणाले, "आत्ता ग्रुपवर बोला. फोटो कुणाचा होता तेही सांगा."

"लोकं हसतील मॅडम. तिकडं मी पर्सनल फोन करतो."

"खोटं चारचौघांत आणि खरं कानात? आणखी कुणाकुणाची मेंढरं त्या पाण्यावर येऊन गेली, तुम्हाला ठाऊक आहे?"

सुगलाबाईनं मोबाईल त्याच्या तोंडापुढं धरला. "बोला की आता. आपला गेला, दुसऱ्याचा का घालवताय?"

तो बोलला. फोटु दुसऱ्याचा हाय, मॅडमची चूक न्हाई, माझ्या मेंढ्याला ताप हुता, फलटणला जे माझ्यासंगं हुते त्यांनी आपली मेंढरं बघा.

मी जतच्या आणि फलटणच्या दवाखान्याला कळवलं. फलटणच्या एका कळपात ताप सुरू झालाच होता. आजारी मेंढ्या वेगळ्या बांधल्या, बाकीच्यांना लस टोचली. त्या कळपातल्या काही गेल्या, उरलेले दोन कळप मात्र वाचले. मायाप्पाच्या मेंढ्या बऱ्याच गेल्या. पहिल्याच दिवशी खरं कळतं तर मेंढा वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण त्याला त्याच दिवशी वेगळं बांधायला सांगितलं असतं.

ग्रुपवर श्रद्धांजली वाहणाऱ्यांपैकी माझी माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी शुभ सकाळ मात्र वेळेवर आलं.

तोड सुगलाबाईनंच काढली. मेंढ्याला काजळाची तीट लावायची आणि मग फोटो काढायचा, पण आपल्याच मेंढ्याचा. मी तो नियम करून टाकला. आता ग्रुपवर तीट लावलेली मेंढरं येतात. परवा खटावच्या त्याच माणसानं, 'सरकारी डॉक्टर असलेच'वाल्यानं, मेंढीचा फोटो टाकला. कपाळावर रुपयाएवढी तीट, खाली ताप, चारा, लेंडी, सगळं नीट लिहिलेलं. मी उत्तर दिलं आणि वर लिहिलं, मेंढीचं पुढं काय झालं तेही इथंच सांगा.

अजून सांगितलेलं नाही. म्हणजे मेंढी बरी झाली असणार. मेली असती तर माझं नाव एव्हाना ग्रुपवर आलं असतं.