घोळाण्याचं मीठ

निजामाचा अंमल गेला, कचेरीतलं उर्दू दप्तर मराठी झालं, तरी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एका जुन्या कारकुनांच्या तोंडचं ‘सबर करा’ काही सुटलं नाही. फाल्गुनात दुपारी ते सगळ्यांसाठी परातीत घोळाणा करत. कोवळी मेथी हातानंच तोडायची, वर कैरीच्या फोडी, भाजलेल्या दाण्यांचा भरडा, कच्चं तेल. मीठ मात्र सगळे बसल्यावरच. आधी घातलं की पाल्याला पाणी सुटतं. भुकेच्या वेळी त्यांची ही शिस्त मला जाच वाटे.

त्या वर्षी नवा शिपाई आला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. पहिल्याच दिवशी तो आपली भाकरी घेऊन दाराबाहेर बसला. आम्ही परातीभोवती बसलो.

“टाका की मीठ,” कुणीतरी म्हणालं.

“सबर करा. माणसं बसायलेत अजून.”

“सगळे तर बसलेत!”

मिठाची मूठ परातीवर तशीच धरून ते दाराकडे वळले. “या हो आत,” एवढंच म्हणाले.

शिपाई जागचा हलला नाही. आमच्यातले दोघं भाकरी गुंडाळून उठून गेले. त्यांच्याकडे कारकुनांनी पाहिलंही नाही.

बऱ्याच वेळानं शिपाई आत येऊन टेकला. तेव्हा कुठं त्यांनी मूठ उघडली. मीठ घामानं भिजून तळहाताला चिकटलं होतं.