दसऱ्याच्या पाटावरची दोन रिव्हॉल्वरं

सराफ्यातला तो दसरा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो आठवायला आमच्या मदन महालच्या कॉलनीतले लोकच भाग पाडतात. पोलिसातून निवृत्त झाल्यापासून मी तिथला फुकटचा सल्लागार आहे. कोणाला शस्त्राचा परवाना मिळाला की सकाळच्या फेरफटक्यात तो मला गाठतो. "साहेब, बावीस बोअर घेऊ की बत्तीस?" मी सांगतो, सरावाला बावीस बरं. काडतूस स्वस्त, धक्का कमी, हात लवकर बसतो. स्वसंरक्षणाला आपल्याकडे बहुतेक परवानेदार बत्तीस ठेवतात. नऊ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, तेव्हा त्याची स्वप्नं पाहू नका. आणि घेऊन वर्षभर कपाटातच ठेवणार असाल, तर काहीच घेऊ नका.

याच प्रश्नावरून सराफ्यातले दोन मराठी भाऊ नेहमी भांडत. थोरला पेढीवर बसायचा. त्याच्याकडे रक्षणासाठी बत्तीसचं रिव्हॉल्वर होतं. धाकटा नेमबाजीचा शौकीन, त्याच्याकडे बावीसचं. थोरला म्हणायचा, तुझ्या गोळीनं चोराला गुदगुल्या होतील. धाकटा म्हणायचा, तुझी गोळी चोराला लागेल तर ना!

मी तेव्हा सराफ्याच्या ठाण्याचा टीआय, म्हणजे प्रमुख होतो. दसऱ्याला सकाळी रायफलींना हळदकुंकू वाहून, झेंडूचे हार घालून ठाण्यातली शस्त्रपूजा झाली. ठाण्याच्या मुन्शीनं, म्हणजे कारकुनानं, कमानिया गेटहून खव्याची जिलबी आणली होती. काय दिवस होते ते! संध्याकाळी मिरवणुकीचा बंदोबस्त लावत होतो, तोच इस्पितळातून निरोप आला. थोरल्या भावाच्या मांडीत गोळी शिरली होती.

हकिगत अशी कळली. दोन्ही रिव्हॉल्वरं पाटावर मांडून घरची शस्त्रपूजा आटोपल्यावर म्हातारी आई शेजारीपाजारी सोनं द्यायला गेली. थोरला वाकून पाटावरची फुलं गोळा करत होता. धाकट्यानं आपलं रिव्हॉल्वर उचललं, चाप ओढला आणि गोळी सुटली. भावाला इस्पितळात त्यानंच नेलं.

मला तो अपघातच वाटला होता. पण दुसऱ्या दिवशी आमचा खबऱ्या आला. "साहब, एक्सीडेंट मत समझना. परसों दोनों में खूब तू-तू मैं-मैं हुई. बड़े ने कहा, तेरी बाईस से तो कौआ भी नहीं मरता. छोटा बोला, एक दिन दिखा दूँगा."

त्यात थोरल्याच्या बायकोचा जबाब आला. दिराला मदत व्हावी म्हणून ती बिचारी म्हणाली, "ते फार जपून वागतात जी. पूजेआधी त्यांनी माझ्यासमोर दोन्ही रिव्हॉल्वरं रिकामी केली, गोळ्या डबीत ठेवल्या." म्हणजे नंतर कोणीतरी मुद्दाम गोळी भरली होती. मी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावून धाकट्याला अटक केली. शाबीत झालं असतं तर त्याची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली असती.

चौकशीत मी त्याला चहा दिला. तो एवढंच बोलत राहिला. "सर, गोळी राहून गेली. चूक माझी."

"वहिनी तर वेगळंच सांगून राहिल्या."

"तिला दिसलं नसेल."

गुन्हेगार माणूस न विचारलेलंही सांगतो, हा माझा अनुभव. हा मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. इस्पितळात थोरलाही तसाच. "माझा भाऊ असं करणार नाही साहेब, त्याले सोडा," एवढं म्हणाला. मग गोळी कोणी भरली, असं विचारताच त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. ज्याला गोळी लागली तोच काही लपवतो आहे, हे पाहून मी चक्रावलो.

पूजेतलं दुसरं शस्त्र, थोरल्याचं बत्तीस, जप्त करायचं राहिलं होतं. ते घ्यायला घरी गेलो. पंचांसमोर त्याची चक्री उघडली. आत एकच गोळी होती आणि तिच्या बुडाला कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

भावाला मारायला निघालेला माणूस दोन्ही शस्त्रांत एकेक गोळी कशाला भरेल? आणि गोळीला कुंकू कोण लावतं?

ठाण्यात येऊन धाकट्याला एवढंच म्हणालो, "कुंकू लावलेली गोळी पाहिली मी." त्याचा बांध फुटला. शस्त्र रिकामं आहे या भरवशावर त्यानं सरावाच्या सवयीनं जमिनीकडे रोखून चाप ओढला होता. पुन्हा उघडून पाहिलं नाही, हीच त्याची चूक. गोळी सुटल्यावर चक्री उघडली, तेव्हा रिकाम्या पुंगळीच्या बुडाला कुंकू दिसलं. दादानंही ते पाहिलं आणि यानं ते पुसून टाकलं. "सर, पाया पडतो, आईला काही विचारू नका. दादा जिन्यावरून पडला आणि मी त्याच्याजवळ इस्पितळात आहे, असं सांगितलंय तिला. खरं कळलं तर ती जगणार नाही."

विचारणं भाग होतं. महिला शिपाई बरोबर घेऊन मी घरी गेलो आणि पूजा कशी केली ते विचारलं. आजी अभिमानानं सांगू लागल्या. "सासूबाई तलवारीची ओटी भरत होत्या जी, नारळ-तांदळानं. आता हे असं शस्त्र, याची ओटी कशानं भरावी? म्हणून डबीतून एकेक गोळी घेतली. मोठी मोठ्यात बसली, लहान लहानात. देवीपुढं रिकामं कसं ठेवू? सोनं देऊन आली की काढणारच होती." मग त्यांनी महिला शिपायाकडे पाहिलं. "पण हे काहून विचारून राहिले तुम्ही? माझ्या पोराच्या पायाले काय झालं? खरं सांगा."

मी खरं सांगितलं. आजी उठून चपला शोधू लागल्या. "चला ठाण्यात."

"आजी, तुमचा जबाब इथंच घेतो आम्ही."

"मग लिहा. माझ्या हातानं झालं असं लिहा. लहान्याले घरी पाठवा."

खुनाच्या प्रयत्नाचं कलम निघालं, निष्काळजीपणाचं तेवढं राहिलं आणि त्याला जामीन मिळाला. सुटल्यावर तो थेट इस्पितळात आला. थोरल्याच्या पुरवणी जबाबासाठी मी तिथंच होतो, आजीही त्याच्या उशाशी बसल्या होत्या. आजींनी धाकट्याच्या कानाखाली एक सणसणीत लगावली. थोरल्यावरही हात उगारला, पण पायाचं बँडेज पाहून त्याचा नुसता कान पिळला. "मले वाचवायले निघाले दोघं! तू जेलात गेला असता तर मी कोणाचं तोंड पाहून जगली असती?" आणि त्याच धाकट्याला छातीशी धरून त्या रडल्या. सगळा वॉर्ड बघत होता. मीही व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले.

माझ्या नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण शिकलो ते त्या म्हातारीकडून. तिला सत्य झेपणार नाही, असं दोन्ही लेकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि घरात सगळ्यात खंबीर तीच निघाली. त्यानंतर कुठल्याही घरात चौकशीला गेलो की सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ आधी बसायचो आणि जे असेल ते त्याला सरळ सांगायचो. ऐकून एकही म्हातारा माणूस कोसळला नाही. रडले पुष्कळ, पण डोळे पुसून पहिला प्रश्न प्रत्येकानं हाच विचारला, "माझं पोरगं जेवलं का?"