दुसऱ्या राज्याची पाटी

पेंटरला गल्लीत सगळे पेंटरच म्हणत. त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं यायचं, आणि दुसऱ्याचं बिल वाचायची हौस कोणाला असते? दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. एके काळी गाड्यांच्या नंबरपाट्याही तोच रंगवायचा, पण त्या कारखान्यातून ठोकून येऊ लागल्या आणि निम्मा धंदा बसला. त्या कारखान्यातल्या आकड्यांवर त्याचा भारी राग. आठाला पोट नाही, दोनाची मान मोडलेली, असं तो म्हणायचा, आणि कोणी समजूत घालायला गेलं की त्यालाच तासभर ऐकवायचा.

असल्याच एका पाटीवर या माणसाचा जीव जडला होता, ही मोठी गंमत. पाटी होती त्याच्या लेकीच्या गाडीची.

लेक नोकरीसाठी शेजारच्या राज्यात राहायची. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घर म्हणजे हे दोघंच. सुट्टी मिळाली की ती गाडी घेऊन यायची. गल्ली अरुंद, आणि पेंटरची सायकल, वर तिला टेकवलेली शिडी, कायम फाटकात आडवी. म्हणून औषधाच्या दुकानाच्या वळणावरूनच ती हॉर्न द्यायची. एक लांब, दोन आखूड. तो ऐकला की पेंटर हातातला ब्रश असेल तिथे टाकून धावत सुटायचा आणि सायकल बाजूला घ्यायचा. ब्रश वाळून काठी झाला तरी बेहत्तर.

दुसऱ्या राज्याचा नंबर असलेली गाडी गल्लीत ती एकच. फाटकाशी ती पाटी दिसली की येणारा-जाणारा विचारायचा, लेक आली वाटतं? एरवी चार शब्दांना महाग असलेला पेंटर याचं उत्तर मात्र पार टोकापर्यंत ऐकू जाईल असं द्यायचा.

मग लेकीला साता समुद्रापलीकडची नोकरी मिळाली. मैत्रिणी म्हणाल्या, गाडी विकून टाक. तिने विकली नाही. शेवटची म्हणून ती चालवत घेऊन आली आणि किल्ली बापाच्या हातावर ठेवली; चालवायला तिनेच त्याला मागच्या सुट्ट्यांत शिकवून परवानाही काढून दिला होता. सायकलवर शिडी बांधून आणि हँडलला रंगाचे डबे अडकवून या वयात फिरणं आता पुरे, असं तिचं म्हणणं. तिने सगळी तयारी करून आणली होती. तिकडच्या कार्यालयाचा नाहरकत दाखला होता, गाडी वडिलांना भेट दिल्याचं बक्षीसपत्र होतं, जिथे तिची सही लागेल तिथे सही होती. बापाने फक्त इकडच्या वाहन कार्यालयात जाऊन कर भरायचा, गाडी स्वतःच्या नावावर करायची आणि या राज्याचा नंबर घ्यायचा. तोवर गाडी फार फिरवू नका, आणि दाखल्याची मुदत संपायच्या आत काम उरका, असं तिने दहादा बजावलं. मुदत टळली तर पुन्हा तिकडे खेटे घालावे लागतील आणि ते घालायला ती नसेल. हे सगळं सांगून ती पहाटेच्या टॅक्सीने गेली. परदेशी निघायला तिला महिनाभर होता, पण तिकडचं घर आवरायचं होतं. ती परत येणार नव्हती.

गाडी फाटकाशी उभी राहिली. दोन दिवसांनी शेजारच्या वहिनी भावाकडून परतल्या. पाटी बघून त्यांनी कुंपणावरून विचारलं, "लेक आली वाटतं, भाऊजी?"

आली होती आणि गेली, एवढंच सांगायचं होतं. पेंटरच्या तोंडून निघालं, "हो. झोपलीय अजून."

का म्हणाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पण म्हणताना बरं वाटलं, हे खरं. आत खरंच कोणीतरी झोपलंय, पंखा चालू आहे, चपला दारात वाकड्यातिकड्या पडल्या आहेत, असं क्षणभर वाटून गेलं. तासाभराने वहिनींनी लेकीसाठी गरम जेवणाचा डबा पाठवला आणि पेंटरने तो मान खाली घालून संपवला. दुसऱ्या दिवशी लेक बाजारात गेली होती. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. डबे येत राहिले. चौथ्या दिवशी मात्र त्याला राहवेना. रिकामा डबा घासूनपुसून तो कुंपणाशी गेला.

"वहिनी, ती नाहीये घरात. तुम्ही यायच्या आधीच गेली."

"माहितीये मला. टॅक्सीत बसताना आमच्या ह्यांनी पाहिलं तिला."

"मग डबे कशाला पाठवलेत?"

"तुम्ही आलीय म्हणालात ना," वहिनी म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या.

त्यानंतर पेंटरने खोटं सांगणं सोडलं, पण पाटी सोडवेना. पाटी आहे तोवर लोक विचारत होते, आणि लोक विचारत होते तोवर ती येणारी होती. उद्या या राज्याचा नंबर बसला की ही गल्लीतल्या चार गाड्यांसारखीच पाचवी. तिच्याकडे बघून कोण कशाला विचारील?

वाहन कार्यालयात तो गेला, नाही असं नाही. रांगेत उभा राहिला, कर भरला. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट पाहिले आणि नव्या मालकाची सही राहिली म्हणून परत दिले. पेंटर म्हणाला, करून आणतो. पुढच्या आठवड्यात तेच कागद, तीच कोरी जागा. शहरातल्या निम्म्या दुकानांची नावं ज्याने लिहिली, तो स्वतःचं नाव लिहायचं विसरत होता. तिसऱ्या खेपेला कारकून वैतागला. दाखल्याची मुदत संपत आली होती आणि ती पुढे ढकलणं काही त्याच्या हातात नव्हतं.

"काका, गाडी नकोय का तुम्हाला?"

"हवीय," पेंटर म्हणाला. "पण तिचीच हवीय."

कारकुनाने चष्मा वर सरकवला. माणूस वाईट नव्हता, पण मागे रांग होती. "तसा रकाना नाही आमच्याकडे," तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. सामान बांधून झालं होतं. विमान परवाचं. तिने पहिलं काय विचारलं, तर गाडी कुठे कुठे नेलीत? पेंटरने हवापाणी काढलं, नवीन मिळालेल्या बेकरीच्या पाटीचं सांगितलं, ती बेकरी किती उंच आहे तेही सांगून बसला. तिथेच फसला. उंच म्हणजे लांब शिडी, आणि लांब शिडी सायकलवरूनच गेली असणार.

लेकीने ते बरोबर हेरलं. मग म्हणाली, "बाबा, गाडी मी आठवण म्हणून नाही दिली. तुम्ही शिडी घेऊन त्या मोठ्या रस्त्यावर सायकल घालता, आणि इथे माझा जीव खालीवर होतो. तिकडे गेल्यावर तर मी पटकन येऊसुद्धा शकणार नाही."

"पाटी बदलली की कोणी विचारत नाही गं, तू आलीस का म्हणून."

 आयुष्यात त्याने लेकीला याहून सरळ काही सांगितलं नव्हतं. पलीकडे ती रडत होती हे त्याला कळलं, कारण नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"मी फोनवर विचारीन," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही आलात का घरी, म्हणून. रोज विचारीन. पण सही करा."

दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीशीच सही केली, आणि कारकुनाने ती जरा जास्तच वेळ बघितली, कारण असली देखणी सही त्या खिडकीत क्वचितच येत असावी. मग मागच्या आवारात तपासणी झाली. तपासनिसाने गाडीचं झाकण उचललं, आत लोखंडात कोरलेल्या नंबरावर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. आकडे एकेक करून कागदावर उमटले. पेंटरने विचारलं, हासुद्धा बदलणार का? तपासनीस म्हणाला, हा नाही, हा गाडी भंगारात जाईपर्यंत हाच. पेंटर वाकून ते आकडे बघत राहिला. आठाला चांगलं पोट होतं.

नवी पाटी आली तेव्हा जुनी काढायला त्याने कोणाला हात लावू दिला नाही. स्क्रू त्यानेच सोडवले, पाटीमागची लाल धूळ रुमालाने पुसली आणि पाटी खिडकीत जमा केली. तिकडच्या रस्त्यांची धूळ रुमालाला लागली होती. तो रुमाल त्याने पुढे बरेच दिवस धुतला नाही.

येताना तो गाडी जपून चालवत आला. मागच्या सीटवर रंगाचे डबे होते, आणि अंगाला सवय नसल्यामुळे पाय नुसते बसून अवघडले होते. औषधाच्या दुकानाचं वळण आलं. सायकल आणि शिडी फाटकात आडवी आहे, हे त्याला ठाऊक होतं, कारण ती त्यानेच सकाळी लावली होती. हात आपोआप हॉर्नवर गेला. एक लांब, दोन आखूड.

वाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं की सायकल काढायला घरात कोणी नाही.

तो गाडी थांबवून बसून राहिला. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि वहिनी ओल्या हातांनी घाईघाईने बाहेर आल्या. तोंडभर हसत त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग नवी पाटी पाहिली, मग त्याला.

"मला वाटलं, लेक आली," त्या म्हणाल्या.

"नाही वहिनी. मी आलो."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि फाटकातली सायकल बाजूला घेतली.