सशाची अँटिबॉडी आणि मोकाशींची एजन्सी

"गायकवाड, ही अँटिबॉडी नाही. हे पाणी आहे," देशपांडे सर मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता म्हणाले.

मीही पाहिलं. सकाळी हिरव्यागार चमकणाऱ्या पेशी जवळजवळ काळ्या पडल्या होत्या.

आमची खासगी लॅब तेव्हा नवी होती. परदेशी रसायनं सहज मिळू लागली होती, आणि ती पुरवणारे एजंटही. पेशींमधलं एक प्रथिन शोधायला आम्ही फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग वापरायचो. पण ती चमक लवकर विरते. म्हणून या रंगालाच चिकटणारी अँटिबॉडी मागवली. हा रंग एखाद्या प्रथिनाला जोडून सशाला टोचतात. सशाचं शरीर त्याविरुद्ध नाना तऱ्हेच्या अँटिबॉडी बनवतं. त्यांचं मिश्रण म्हणजे पॉलिक्लोनल अँटिबॉडी. तिच्यावर दुसरं रसायन चढवलं की टिकाऊ, गडद खूण उमटते. आम्ही मात्र नुसती अँटिबॉडी घातल्यावर, म्हणजे पहिल्या टप्प्यानंतरच, डोकावलो होतो.

"मार्केट यार्डाजवळ ऑफिस आहे ना त्या मोकाशीचं? कांद्याच्या ट्रकमधून आणली असेल," सर म्हणाले.

मलाही शंका होतीच. खोक्यातला बर्फ वितळलेला होता, लेबल तिरकं होतं. सर ती बनवणाऱ्या परदेशी कंपनीला तक्रार करणार होते. आमचे एजंट मोकाशी यांनी नोकरी सोडून त्या कंपनीची ही एजन्सी घेतली होती. तक्रार गेली की एजन्सी गेली. सरांनी त्यांना बोलावून घेतलं.

"अहो सर, सील तुमच्यासमोर फोडलं."

"सील घरीही लावता येतं."

मोकाशी चष्मा पुसत उभे राहिले.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. पेशी सकाळपासून अंधारात झाकलेल्या होत्या; पाणी असतं तर चमक होती तशीच राहायला हवी होती. ती विझवली कुणी?

दोन नळ्यांत रंग घेतला. एकीत रंग न टोचलेल्या साध्या सशाचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, घातलं, दुसरीत मोकाशींची अँटिबॉडी. पहिली चमकत राहिली. दुसरी आमच्या डोळ्यांदेखत मंदावली. अँटिबॉडी रंगाला इतकी घट्ट धरत होती की त्याचा उजेडच दबत होता. मग त्याच पेशींवर दुसरा टप्पा केला. गडद तपकिरी खुणा स्वच्छ उमटल्या.

"हं. ठीक आहे," सर म्हणाले. माफी वगैरे नाही.

मोकाशींनी चष्मा चढवला. "सर, माल चांगला आहे एवढं लेखी द्याल?"

"कशाला?"

"उद्या तुम्ही पुन्हा मध्येच डोकावाल म्हणून."

सरांनी मुकाट्याने लिहून दिलं.

संशय मी आजही घेते. फक्त आधी विचारते, तो खरा असता तर काय दिसलं असतं?