बसायला आलेला उभा माणूस

बायको गेली त्याच्या आदल्या सकाळी आम्ही दोघांनी ओट्याशी उभ्यानं चहा घेतला. बसलं की माझी शीर कमरेपासून पोटरीपर्यंत पेटते, म्हणून मी उभा. मला सोबत म्हणून तीही उभी.

ती गेल्यावर शुक्रवार पेठेतले सगळे बसायला आले. दुखवट्याला जाणं म्हणजे आमच्याकडं बसायला जाणं. ते बसायचे म्हणून मीही सतरंजीवर बसायचो. पाय असा ठणकायचा की डोळ्यांत पाणी यायचं, आणि लोकांना वाटायचं, म्हातारा लई रडतोय. ओट्याकडं तर मी फिरकलोच नव्हतो.

आठव्या दिवशी एक अनोळखी, काटकुळा माणूस आला. सतरंजीकडं त्यानं साप दिसल्यासारखं बघितलं आणि एक पाय उचलून, दाराला टेकून बगळ्यासारखा उभा राहिला.

"बसा की," मी म्हणालो.

"नगं. बसलं की शीर धरती माजी. मामा लई चांगले होते बगा."

"कुठले मामा? माझी बायको गेलीय."

त्यानं जीभ चावली. गडी घर चुकला होता. पण जाता जाता माझ्या पायावरचा हात त्यानं हेरला.

"तुमची बी शीर हाय व्हय? मग बसलाय कशाला? बसायला आल्यालं हे लोक हायत की!"

मी खो खो हसलो. मुक्कामाला आलेल्या मेव्हण्यानं डोळे वटारले.

दुसऱ्या सकाळी मी ओट्याशी, ती उभी राहायची तिथं उभा राहून चहा घेतला.

"बसा की दाजी," मेव्हणा म्हणाला.

"तू बस," मी म्हणालो. "बसायला तू आलायस."