अक्कांचं नाक

शकुंतलाअक्का माणसाला ‘बसा’ म्हणायच्या आधी त्याचा हात उचलून हुंगत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेहरूणच्या आमच्या शाळेतल्या आम्ही चौघी शिक्षिका दिवाळीच्या सुट्टीत धरणगावच्या बाजूला त्यांची सुगंधी शेती पाहायला गेलो होतो. गाडीतून उतरते तोच एक उंच, काटक बाई पुढे आली, माझा हात नाकाशी नेला आणि म्हणाली, “काल भरीत खादं ना माय? पातना कांदा घालीसन?” मी सकाळी साबणाने हात घासून धुतले होते. मैत्रिणी हसायला लागल्या. अक्का मात्र हसल्या नाहीत. “माणूसनं तोंड खोटं बोलस,” त्या म्हणाल्या, “नाक बोलत नही.”

सगळीकडे कापूस फुटलेला आणि मधोमध हे कमरेएवढं, तांबूस तुऱ्यांचं रोशा गवत. त्याचं तेल काढतात, ते अत्तरात जातं. अक्कांचं माहेर शिरपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिथे डोंगरउतारावर रोशा आपसूक उगवतो आणि त्यांचे आजोबा तो कापून तेल काढत. सासरी आल्यावर अक्कांनी माहेरून चार ठोंब आणून बांधाला लावले. गावाने त्यांना ‘गवतवाली’ म्हणून चिडवलं. त्याच गवताने पुढे सगळं शेत व्यापलं आणि चिडवणारे आपल्या पाहुण्यांना ते दाखवायला आणू लागले.

आमच्याबरोबर त्या दिवशी नाशिकचं एक तरुण जोडपं होतं, फोटो काढायला आलेलं. त्यातली बायको जरा हिरमुसून म्हणाली, “आम्हाला वाटलं लव्हेंडर असेल. जांभळं शेत.”

“ती थंडा मुलूखनी पोर,” अक्का म्हणाल्या. “आठे मे महिनाना उन्हमा उभी करी, तर दुपारलेच माहेरले पळी जाई. मना रोशा आठलाच शे. जितकं ऊन खाई, तितका घमघमस.”

भट्टी घराच्या मागे होती. कापलेलं गवत थोडं सुकवून मोठ्या टाकीत पाण्यावर दाबून भरायचं, खाली जाळ घालायचा, वाफ नळीतून गार पाण्यात न्यायची, की टोकाला पाणी आणि त्यावर तरंगणारं तेल उतरायला लागतं. जाळ नानांकडे, म्हणजे अक्कांच्या यजमानांकडे. बाजार मुलाकडे. आणि नळीच्या तोंडाशी लाकडी स्टुलावर अक्का. टाकीतलं पाणी कमी झालं की बुडाचं गवत करपतं आणि तेलाला जळका वास धरतो. तो धरायच्या आत अक्का ओरडायच्या, “नाना, जाळ वढा!” कनौजचा अत्तरवाला व्यापारी वर्षानुवर्षं डबे न उघडता त्यांचा माल उचलत होता, तो या एका नाकाच्या भरवशावर.

त्या भेटीनंतर मी अधूनमधून तिथे जाऊ लागले. घरात एकच व्यक्ती या सगळ्यापासून लांब असे. सून मनीषा. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, अबोल मुलगी. भट्टी पेटली की तिचं डोकं दुखायचं. ती आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. अक्कांना ते खुपायचं, पण त्या बोलायच्या नाहीत.

मग साथ आली. अक्का तापाने फणफणल्या, दवाखान्यात राहिल्या, वाचल्या. घरी आल्यावर एका दुपारी त्या चुलीपुढेच बसल्या होत्या आणि वरण करपून घरभर धूर झाला, तरी त्यांना पत्ता नव्हता. नानांनी धावत येऊन पातेलं उतरवलं. तेव्हा घराला कळलं की अक्कांचा वास गेला.

मी भेटायला गेले. त्यांनी माझा हात धरला, पण नाकाशी नेला नाही. मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले, तर म्हणाल्या, “जीव वाचना, हाई खरं शे. पण माय, बठ्ठं जग काचमागे ठेवेल शे असं वाटस.” शेतात रोशा तुऱ्यावर आला होता. त्यांनी हट्टाने भट्टी लावली आणि पहिलाच घाणा जळका निघाला. शेजारच्या शेतातल्या माणसाला तो वास आला, स्टुलावर बसलेल्या अक्कांना आला नाही. ते तेल त्यांनी स्वतःच्या हाताने उकिरड्यावर ओतलं. मुलगा दबकत म्हणाला, “आई, हा रोशा मोडून येत्या पावसाळ्यात कापूस लावू या का?”

अक्का उठल्या, मनीषाच्या बंद दारापाशी गेल्या आणि कडी वाजवली. “पोरी, आजपासून तुनं नाक ते मनं नाक. चल.”

“आई, मला जमणार नाही. मला त्या वासाने मळमळतं.”

“मळमळस म्हणजे तुले वास येस. माले तेबी येत नही. ऊठ.”

पुढचे महिने मी दर सुट्टीला जायची, ते हा प्रकार पाहायला. मनीषा डोळे मिटून बसलेली, अक्का एकेक बाटली तिच्या नाकाखाली धरताहेत. “काय येस?” “गवत.” “ते आंधळालेबी समजस. गवतमांगे काय शे?” मनीषा घामाघूम व्हायची. आणि एक दिवस ती म्हणाली, “आई, आधी लिंबाचं साल... मग ओला गुलाब. आणि शेवटी घशात थोडं आलं.” अक्कांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांच्या आठवणीतला वास सुनेच्या तोंडून त्यांना परत ऐकू आला होता. त्यानंतर मनीषाचं डोकं दुखल्याचं कुणी ऐकलं नाही.

अक्का स्वतःही रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी नाकाशी धरून बसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं. काहीच येत नसे. “विहीरमा हाक मारी ऱ्हायनी,” त्या म्हणत. “कव्हय ना कव्हय ‘ओ’ येईच.”

अक्कांच्या आजाराची बातमी कनौजला पोचली आणि त्या वर्षी व्यापारी स्वतः आला. पांढऱ्या दाढीचा, सावकाश बोलणारा म्हातारा. मीही त्या दिवशी तिथे होते. अक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या, पुढे मनीषा. त्याने पहिल्यांदाच एकेक डबा उघडायला लावला. कागदाची पट्टी बुडवून हुंगली, मान डोलवली, पट्टी मनीषाकडे दिली. असे बरेच डबे झाले. एका डब्यावर त्याने मान डोलवली आणि मनीषा म्हणाली, “हा नाही. हा बाजूला ठेवा.”

मुलाने डोळे वटारले. आपलाच माल, व्यापाऱ्याला पसंत असलेला! मनीषा मागे हटली नाही. “याच्या शेवटी जळकं आहे. आत्ता नाही, थोडं थांबून कळतं.”

म्हाताऱ्याने पट्टी पुन्हा घेतली. डोळे मिटले. मग त्याने डब्याचं झाकण लावलं, डबा बाजूला सारला आणि अक्कांकडे वळून हात जोडले. “बहूजी सही कह रही हैं। बाकी सारा माल दे दीजिए।”

अक्का पदर सावरून ताठ बसल्या, जशा लग्नात नवरीची आई बसते.

त्यानंतरच्या दिवाळीची गोष्ट. भट्टी चालू होती, मनीषा स्टुलावर, मी आणि अक्का लिंबाखाली शेंगा सोलत होतो. नाना जाळ सारून आले आणि पाणी प्यायला अक्कांच्या शेजारी वाकले. अक्कांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली, नाकपुड्या फुलल्या.

“तुमी बिडी पिधी?”

नाना दगडासारखे उभे राहिले. अक्कांना कळत नाही म्हणून नानांनी म्हातारपणी बिडी धरली होती, हे अक्का सोडून साऱ्या घराला माहीत होतं.

“बिडी पिधी ना तुमी? वास येस!” अक्का ओरडल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच ध्यानात आलं. हातातल्या शेंगा खाली सांडल्या.

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “पिधी वं! पिधी!” ते पोरासारखे ओरडत होते. “रोज पिधी!”

मनीषा धावत आली. ती अक्कांना हाताला धरून स्टुलाकडे नेऊ लागली, तर अक्कांनी तिलाच परत तिथे बसवलं. “ती जागा तुनी शे. माले आते हिंडू दे.”

आणि त्या निघाल्या. ओलं गोणपाट हुंगलं, पंपाचं डिझेल हुंगलं, म्हशीच्या पाठीवर गाल टेकून उभ्या राहिल्या. रोशाचे तुरे मूठभर ओढून तोंडावर दाबले. शेवटी उकिरड्यापाशी थांबल्या, छाती भरून श्वास घेतला आणि आमच्याकडे वळून हाक दिली, “काय झकास शे वं, माय!”

उकिरड्यासमोर उभं राहून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.